भेटीची टोपली आणि गावाचे नाव



भेट पाठविणे ही आपल्या समाजात कधीच केवळ वस्तूंची देवघेव नव्हती. दिवाळीच्या फराळाचा डबा लेकीच्या घरी जातो, लग्नात रुखवत मांडले जाते, संक्रांतीला सवाष्णींना वाण दिले जाते. अशा प्रसंगी वस्तूची किंमत कोणी विचारीत नाही. ती कोणाच्या घरून आली, हे मात्र सारेच विचारतात. लाडू खवट निघाला तर नाव लाडवाचे जात नाही, देणाऱ्या घराचे जाते.

भेटवस्तूंच्या टोपल्या बांधून विकण्याचा छोटा व्यवसाय करू पाहणाऱ्याने विपणनाचा पहिला धडा येथेच गिरवावा. टोपली विकत घेणारा ती स्वतःसाठी नेत नाही. तो ती स्वतःच्या नावाने दुसऱ्याच्या दारी पाठवितो. म्हणजेच पैशांबरोबर तो आपली पतही विक्रेत्याच्या हाती सोपवीत असतो. ही पत सांभाळणे हेच या धंद्याचे खरे भांडवल होय. जाहिरात त्यानंतर येते.

टोपलीत काय असावे? सुकामेवा, चॉकलेट आणि चकचकीत कागद यांची टोपली पुण्या-मुंबईतील प्रत्येक मोठ्या दुकानात मिळते. तीच टोपली सोलापुरात बांधून त्या दुकानांशी भावात स्पर्धा करणे म्हणजे हरण्यासाठीच आखाड्यात उतरणे. सोलापूरजवळ जे आहे ते इतरांजवळ नाही. उखळात कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी, ज्वारी-बाजरीची कडक भाकरी, जॅकार्ड मागावरील चादर, टेरी टॉवेल ही या नगरीची ओळख आहे. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंब यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. बुरुडाने विणलेल्या दुरडीत यांतील चार वस्तू नेटकेपणाने मांडल्या की टोपलीला गावाचा चेहरा मिळतो. नोकरीनिमित्त दूर गेलेल्या सोलापूरकराला ती पाहून घर आठवते. तोच या व्यवसायाचा पहिला ग्राहक.

मात्र गावाचे नाव हे उसने घेतलेले धन असते, ते सव्याज परत करावे लागते. सोलापुरी चादरीचाच इतिहास पाहावा. पद्मशाली विणकरांच्या पिढ्यांनी या चादरीला देशभर लौकिक मिळवून दिला. त्या लौकिकावर इतरत्र विणलेला हलका मालही 'सोलापुरी' या नावाने बाजारात आला. ग्राहकाने स्वस्त म्हणून तो घेतला, दोन धुण्यांत तो विटला आणि बोल मात्र सोलापूरला लागला. 1999 चा भौगोलिक निर्देशन कायदा 2003 साली अमलात आला आणि त्यानंतर सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांची त्याखाली नोंद झाली. परंतु कायदा नावाचे रक्षण करतो, विश्वासाचे रक्षण विकणाऱ्यालाच करावे लागते. टोपलीवर 'सोलापुरी' असे लिहून आत परगावची चादर घालणारा दुकानदार दोन पैसे मिळवील, पण येथील मागावर बसलेल्या विणकराच्या ताटातील घास काढून घेईल.

गुणवत्तेविषयी तडजोड नको, याचे मोठे उदाहरण मुंबईत आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातील सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच पुढे 'लिज्जत' झाली. प्रारंभी त्यांनी दोन प्रतींचे पापड केले, त्यांतील एक स्वस्त होता. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी एकच उत्तम प्रत ठेवावी आणि हिशेब चोख लिहावा, असा सल्ला दिला. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबवावे लागले. पुढच्या वर्षी एक खाट आणि एक शेगडी घेऊन त्यांनी मार्ग काढला. सोलापुरातही चंद्रिका चौहान यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'उद्योगवर्धिनी'ने कडक भाकरी, शेंगाचटणी अशा घरगुती पदार्थांना बाजार मिळवून देत अनेक भगिनींच्या हातांना काम दिले आहे. मार्ग अनोळखी नाही, तो चालून दाखविलेला आहे.

आता हिशेब. घरगुती उद्योग बुडतो तो बहुधा एका चुकीने: गृहिणी स्वतःच्या श्रमाची किंमत शून्य धरते. समजा, एका टोपलीतील जिन्नस 330 रुपयांचे, दुरडी व वेष्टन 50, बांधणाऱ्या हातांची मजुरी 60, मोडतोड व पोहोचविण्याचा खर्च 20. एकूण 460 रुपये. किंमत 560 ठेवली तर शंभर रुपये सुटले असे वाटते. परंतु टोपली दुकानात ठेवली आणि दुकानदाराने वीस टक्के घेतले, तर 112 रुपये गेले. हाती 448 उरले. तुटलेले 12 रुपये कोणाचे? त्या भगिनीच्या मजुरीतलेच. दुकानातून विकायचे असेल तर किंमत आरंभीच 650 ठरवावी. दुकानदाराचे 130 वजा जाऊनही 60 रुपये नफा राहतो. तीच टोपली घरून स्वस्तात देण्याचा मोह मात्र टाळावा. दुकानदाराला ते कळले की तो पुन्हा माल ठेवीत नाही. थेट विक्रीत अधिक सुटणारी रक्कम नमुन्याच्या टोपल्यांसाठी आणि न खपलेल्या मालासाठी बाजूला ठेवावी.

टोपलीचे आयुष्य तिच्यातील सर्वांत लवकर बिघडणाऱ्या पदार्थाएवढेच असते. कडक भाकरी पुष्कळ टिकते, पण वाटेत तुटते; तिला ताठ डबा हवा. चटणीतील तेल हवेने खवट होते. ती घट्ट बंद हवी आणि कुटल्याची तारीख तिच्यावर हवी. डाळिंब जवळच्या गावीच पाठवावे. खाद्यपदार्थ विकण्यासाठी 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे. वेष्टनावर बांधणाऱ्याचे नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापणे ही सक्ती वाटते खरी, पण अनोळखी ग्राहकापुढे तीच साक्ष उभी राहते. 2017 पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराचे सूत्रही ध्यानी ठेवावे. भिन्न दरांच्या वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्यास त्यांतील सर्वाधिक दर साऱ्या टोपलीला लागतो. उलाढाल वाढून करनोंदणी करावी लागली की टोपलीतील वस्तूंची निवड या दृष्टीनेही तपासावी.

ग्राहक शोधण्यासाठी मोठ्या फलकाची गरज नाही, पंचांग पुरे. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा वाणाच्या लहान टोपल्या हव्यात. आषाढीला पंढरपूर, नवरात्रात तुळजापूर आणि वर्षभर अक्कलकोट येथे जाणारे भाविक सोलापुरातून जातात. त्यांना प्रवासात नेण्याजोगी आटोपशीर टोपली हवी. दिवाळीत पतसंस्था, सहकारी बँका, दवाखाने, कारखाने भेटी देतात. त्यांच्याकडे महिना-दीड महिना आधी नमुना घेऊन जावे, मागणी लिहून घ्यावी, निम्मी रक्कम आगाऊ मागावी. उधारीवर शंभर टोपल्या देण्यापेक्षा रोखीने चाळीस देणे शहाणपणाचे. सण उलटल्यावर उरलेली टोपली अर्ध्या किमतीलाही कोणी घेत नाही.

आणि एक चिठ्ठी. चादर कोणत्या मागावरची, चटणी कोणत्या बचत गटाची, दुरडी कोणत्या वस्तीतली, हे चार ओळींत खरेखुरे लिहून टोपलीत ठेवावे. घेणाऱ्याला भेटीमागचे हात दिसू द्यावेत. त्या चिठ्ठीखाली फोन क्रमांक असला की आज भेट स्वीकारणारा उद्या स्वतः टोपली मागवितो. या व्यवसायाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची जाहिरात हीच.

घरी बसून विड्या वळणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या असंख्य भगिनी या शहरात आहेत. त्यांचे श्रम नगावर मोजले जातात आणि तयार मालावर नाव दुसऱ्याचे लागते. टोपलीवर त्यांचे स्वतःचे नाव लागू शकते. ते नाव राखण्याची जबाबदारीही मग त्यांचीच. ती जबाबदारी पेलण्याचे सामर्थ्य सोलापूरच्या हातांत निश्चित आहे.