दुबईला जाताना सिमकार्ड

दुबईला मुलांकडे निघाला असाल, तर तिथलं प्रीपेड सिम पासपोर्ट दाखवून विमानतळावरच घेता येतं. ई-अँड (e&, म्हणजे पूर्वीची एतिसलात) आणि डू या तिथल्या दोन मोठ्या कंपन्या. पण नुसता डेटा किती मिळतो, एवढंच पाहू नका. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून संदेश जातात. बोलणं मात्र होत नाही, व्हिडिओ कॉलही नाही. म्हणून भारतात फोन करण्याची मिनिटं किती, हे आधी विचारा.

आपलं भारतीय सिम काढून ठेवू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, आणि त्या सिमचं डेटा रोमिंग मात्र आठवणीनं बंद ठेवा, नाहीतर बिल फुगतं.