सवय आणि खाडे

(सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक मेळाव्यात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



मला विषय दिला आहे व्यायाम आणि आहार यांच्या चांगल्या सवयींचा. मी डॉक्टर नाही. सारी नोकरी बँकेत हिशेब पाहण्यात गेली, तेव्हा बोलणार तेही हिशेबाच्याच अंगानं. काय खावं आणि किती चालावं हे आता कुणाला सांगायला नको, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येतंच. काही वर्षांपूर्वी डॉ. दीक्षितांचं दोन वेळांचं जेवण बरोबर की ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खाणं बरोबर, यावरून आपल्या कट्ट्यावर जेवढं भांडण झालं तेवढं पार्किंगवरूनही झालं नसेल. आणि सहा महिन्यांनी पाहावं तर भांडणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे पूर्वीसारखेच जेवत होते! म्हणून मी पद्धतीच्या वादात पडत नाही. सुरू केलेलं टिकतं कसं, एवढंच पाहू.

आधी टिकायला का हवं ते. आपण २५ वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण पंचेचाळीस-पन्नाशीत होतो. सामान वर चढवताना मजूर मिळाला नाही तर आपणच खांदा देत होतो. गेल्या वर्षी बी विंगची लिफ्ट बदलायचं काम निघालं आणि लिफ्ट पाच आठवडे बंद राहिली. त्या पाच आठवड्यांत चौथ्या मजल्याच्या वरचे आपल्यातले सहा जण एकदाही जमिनीवर उतरले नाहीत. एकांनी दाताच्या डॉक्टरची वेळ दोनदा पुढं ढकलली. एकांना सख्ख्या पुतणीच्या लग्नाला जाता आलं नाही. त्याच विंगमध्ये सहाव्या मजल्यावरच्या आजी, वयानं या सहाही जणांहून मोठ्या, रोज उतरून भाजी आणत होत्या. पिशवी तेवढी वॉचमन वर पोचवायचा. याचं रहस्य विचारलं तर म्हणाल्या, “रहस्य कसलं? मला पहिल्यापासून लिफ्टची भीती वाटते.” म्हणजे वीस-पंचवीस वर्षं त्या रोज जिन्यानं उतरत होत्या, आणि त्याला व्यायाम म्हणतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

हीच गोष्ट लंडनमध्ये फार पूर्वी मोठ्या प्रमाणावर दिसली होती. डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली, ती १९५३ साली छापून आली. तीच बस, साधारण तसाच पगार, तशीच घरं. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत वर-खाली करणारा, एका पाळीत पाचशेच्या वर पायऱ्या. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, आणि झाला तरी उशिरा व सौम्य. आपल्या बेस्टच्या दुमजली बसचे कंडक्टर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. हे मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले, हे जाता जाता सांगतो.

आता कुणी म्हणेल, आमची वेळ गेली. तर १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धसेवागृहातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ आठवडे त्यांच्याकडून मांड्यांना वजन लावून, देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत! आपण तर त्यामानानं तरुण मंडळ आहोत.

घरी गेल्यावर एक करून पाहा. हात नसलेली, साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घ्या आणि हातांचा आधार न घेता उठा-बसा. शेजारी कुणीतरी उभं असू द्या. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेनं वयाप्रमाणे आकडे दिले आहेत. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारा आणि बाईला दहा वेळा जमलं नाही, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. पूर्वी पाटावर मांडी घालून जेवणारा माणूस ही परीक्षा दिवसातून दोनदा आपोआप देत असे. डायनिंग टेबल आलं आणि परीक्षाच बंद झाली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं जरा दमछाक होईल असं चालणं सांगते, पण त्याबरोबर आठवड्यात दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि आपल्या वयाला तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही सांगते. आपल्याकडे चालणारे पुष्कळ आहेत, बाकीच्या दोन गोष्टी करणारे मला दोनच माहीत आहेत. दहा हजार पावलांचा आकडा डोक्यावर घेऊ नका. तो १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला आहे, कुठल्या डॉक्टरच्या वहीतून आलेला नाही.

तर सवय लागते कशी? एकवीस दिवसांत लागते असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तीनेक आठवडे लागतात, अशी त्यांची निरीक्षणं होती. सूर्यनमस्कारांचा त्याच्याशी काय संबंध? लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मोजलं. ९६ जणांना एकेक छोटी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगी करायला सांगितली. जेवणाबरोबर फळ खा, किंवा रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळा, अशी. ती आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज निघाला. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला तर तुमच्यात काही कमी आहे असं मुळीच नाही, अजून मुदत पुरी झालेली नाही एवढंच.

त्या प्रयोगात मला आवडलेल्या गोष्टी दोन. ‘ठरावीक प्रसंगी’ हा शब्द पहिली. ‘वेळ मिळेल तेव्हा करू’ म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही, निवृत्त माणसाला तर कधीच मिळत नाही. आपल्या शतपावलीत हे शहाणपण आहेच. ती कधी करायची हे लक्षात ठेवावं लागत नाही, जेवण झालं की पाय आपोआप निघतात. जेवणानंतर दहा मिनिटं चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात, तेव्हा मधुमेही मंडळींना तर ती दुहेरी फायद्याची. तशाच आणखी जागा शोधा. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचला. बातम्यांच्या मधल्या जाहिरातींत खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. दात घासताना एका हातानं बेसिन धरून एका पायावर उभे राहा. पहिल्या महिन्यात इतकं थोडं करा, की न करायला सबबच सापडू नये.

दुसरी गोष्ट अशी, की त्यात एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्या वर्षाकडे बघा ना. जुलैत धुवांधार पाऊस, मग गणपती, नवरात्र, दिवाळीचा फराळ, लग्नसराई, मे महिन्यात नातवंडं. सलग सहासष्ट मोकळे दिवस मराठी माणसाला मिळणार कुठून? आपण सुटतो ते पहिला दिवस चुकल्यावर नव्हे, तर ‘आता मोडलंच आहे, तर पुढच्या एक तारखेपासून’ असं म्हटल्यावर. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आपण वर्षानुवर्षं दुधाचे खाडे लिहीत आलो. खाडा झाला म्हणून कुणी रतीब बंद केला का? महिनाअखेरीस वजा करायचा आणि दुसऱ्या दिवशी पिशवी दाराला लावायची. व्यायामाचंही तसंच करा. त्याच कॅलेंडरवर चालल्याच्या दिवशी बरोबरची खूण, चुकलं त्या दिवशी ‘खा’. लागोपाठ दोन ‘खा’ शक्यतो येऊ द्यायचे नाहीत.

आणि थकबाकी वसूल करायची नाही! आठवडाभर पाऊस पडला म्हणून आपले एक मित्र रविवारी एकदम आठ किलोमीटर चालले, त्यानंतर पंधरा दिवस गुडघ्याला बर्फ. तापातून उठल्यावर तर निम्म्यापासूनच सुरुवात करावी. छातीत दुखलं, घाम फुटला, चक्कर आली तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नये, खिशात चार खडीसाखरेचे खडे असावेत.

आता खाण्याकडे येतो. इथे मी पदार्थांची यादी देणार नाही, वाण्याच्या यादीकडे बघा म्हणतो. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. चौघांच्या घरात दिवसाला वीस ग्रॅम झालं, म्हणजे एक किलोची पुडी निदान पन्नास दिवस पुरली पाहिजे. पुडी फोडताना तिच्यावर तारीख लिहा. पन्नासच्या आत संपली तर हिशेब कुठं चुकतोय ते कळेल, आणि लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ तर या पुडीत धरलेलंच नाही. तेलाचं माणशी महिन्याला अर्धा लिटर, असं डॉक्टर मंडळी सांगतात. नवरा-बायको दोघंच असाल तर महिन्याला एक लिटर. साखरेचा एक लहान चमचा साधारण चार ग्रॅमचा. दोन चमच्यांचे चार चहा झाले की बत्तीस ग्रॅम. दिवसभरात पंचवीसच्या आसपास राहिलं तर उत्तम, असं म्हणतात. म्हणजे बिस्किटाला हात लावायच्या आधीच आपण खातं ओव्हरड्रॉ केलेलं असतं. एकदम बिनसाखरेचा चहा कुणाच्यानं होत नाही. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही.

कमी खाण्याबद्दल सगळे बोलतात, आपल्या वयात उलटी अडचणही असते. एकटं राहणारी मंडळी रात्री चहा-पोळी किंवा दूध-पोहे यांवर भागवतात. पातळ वरणातून प्रथिनं मिळतात ती नावापुरती. आपल्या वयाला वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ग्रॅम तरी प्रथिन हवं असं तज्ज्ञ म्हणतात, साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. घट्ट वरणाची वाटी, एक अंडं किंवा मोठा कप दूध, प्रत्येकातून सहा-सात ग्रॅमच मिळतात. तेव्हा दोन्ही वेळा डाळ किंवा उसळ, आणि दही, हे ठरवूनच घ्यावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून. उपवासाचं म्हणाल तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ आपणच म्हणतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भगर-दाण्याची आमटी, राजगिरा आणि ताक घेतलं तर विठोबा रागावेलसं वाटत नाही.

पुरुषवर्गाला एक स्पष्ट सांगतो, राग मानू नये. निवृत्तीनंतर आपण एके सकाळी जाहीर करतो, “आजपासून मी तेल-तूप बंद.” मग घरातली बाई, तिलाही पासष्ट झालेली असतात, दोन स्वयंपाक करत बसते. पंधरा दिवसांनी ती दमते आणि नियम मोडल्याचं खापर तिच्याच भाजीवर. ज्याला कोशिंबीर हवी त्यानं काकडी चोचवावी, मोड काढायला मूग आपणच भिजत घालावेत. मी तर म्हणतो, ज्या नियमाचं काम आपण स्वतः करत नाही तो आपला नियमच नव्हे. आणि ताटात वेगळं काही करण्यापेक्षा सगळ्या घरानं तेच जेवावं, म्हणजे सुनेच्या आणि नातवाच्याही पथ्यावर पडतं.

शेवटी समितीकडे काही मागणं आहे, कारण सवय एकट्यानं टिकत नाही आणि ती टिकवायला आपली इमारत हाताशी आहे. जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला भिंतीलगत धरायला पाइप बसवावा. दर मजल्याच्या मधल्या वळणावर दिवा आणि टेकायला एक साधी खुर्ची ठेवावी. खर्च दुरुस्ती निधीतून होईल, सिंकिंग फंडाला हात लावायची गरज नाही, तेव्हा खजिनदारांनी घाबरू नये. गच्ची सकाळी साडेसहा ते आठ उघडी ठेवावी. पावसाळ्यात चालायचं झालं तर स्टिल्टमधल्या गाड्यांच्या मागची पट्टी आहे. ती मी मोजली आहे. एक फेरी एकशे दहा पावलांची होते. मात्र ए विंगच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं, ते साफ करून घ्यावं.

आम्ही पाच जण सोमवारपासून साडेसहाला निघतो. पहिला दुसऱ्याची बेल वाजवतो, दुसरा तिसऱ्याची. ज्यांना आपली बेल वाजवून हवी आहे त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत फ्लॅट नंबर लिहावा. गच्चीची किल्ली सध्या बी विंगच्या वॉचमनकडे आहे.