माळ्यावरचा संगणक

डहाणू तालुक्यातील वरोर हे आमचं गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाड्या. या पट्ट्यात डायमेकिंगचं कसब पुष्कळ घरांतून आहे. हिऱ्याच्या खड्याला केसाएवढं भोक पाडायचं, ते घासून गुळगुळीत करायचं, आणि मग कारखान्यात त्यातून तार ओढली जाते. हे आधी सांगून ठेवतो, कारण आजच्या गोष्टीत खारा वारा आणि डाय घासणारा हात या दोघांचंही काम आहे.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, पुण्याला नोकरीला होते. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने इंग्लंडातील सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम संगणकाचं उत्पादन परवाना घेऊन आपल्याकडे सुरू केलं. मूळचं यंत्र 1982 सालचं. त्यांपैकी एक दादांनी घेतलं आणि सुट्टीत गावी आणलं. यंत्र म्हणजे काय, तर नुसत्या कळांची एक चपटी पेटी. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि केलेलं काम साठवायला साधा टेपरेकॉर्डर! स्मरण 48 किलोबाइट, म्हणजे इंग्रजी अक्षरं मोजली तर 49,152. त्यातलीही 6,912 घरं एकटा पडदाच खाऊन टाकतो. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही.

दादा गेले. पेटी माळ्यावर राहिली. गेल्या वर्षी घर शाकारताना ती खाली आली, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, हे भंगारात देऊन टाकू." मीही दिलं असतं. पण पेटीबरोबर एक कॅसेट निघाली आणि तिच्यावर दादांच्या अक्षरात एकच शब्द होता : भरती.

आता तुम्ही म्हणाल, जोडावं आणि बघावं! पहिली चूक इथेच होते. बहुतेक अडॅप्टरच्या पिनेला आत धन आणि बाहेर ऋण असतं. स्पेक्ट्रमचं याच्या नेमकं उलटं. दुकानातून मिळेल तो नऊ व्होल्टचा अडॅप्टर खुपसला की संपलं. तेव्हा आधी मीटर लावावा. जुना अडॅप्टर मोकळा असताना नवाऐवजी बारा-तेरा व्होल्ट दाखवतो. त्याने घाबरू नये, ओझं पडलं की तो उतरतो. शिक्षक बंधूंना एक विनंती : मुलांना पेटी खुशाल उघडू द्या, पण अडॅप्टर आणि जुना टीव्ही कधीही उघडू देऊ नका. जुन्या टीव्हीत वायर काढल्यावरही जीव घेण्याइतकी वीज साठून राहते.

आम्ही यंत्र जोडलं. पडद्यावर कंपनीच्या नावाची ओळ यायला हवी होती. आल्या काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्या. पुतण्याने फोनवर शोधलं आणि निकाल दिला, "स्मरणाच्या चिपा गेल्या, आठही बदला." मी म्हटलं, थांब. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय काढा देतो का? या यंत्रातल्या खालच्या सोळा किलोबाइटच्या चिपांना तीन प्रकारची वीज लागते : पाच व्होल्ट, बारा व्होल्ट आणि उणे पाच. तिन्ही मोजल्या. पाच ठीक, बाराच्या जागी जवळजवळ काहीच नाही. म्हणजे चिपा उपाशी होत्या, मेल्या नव्हत्या. बारा व्होल्ट तयार करणारा एक लहानसा ट्रान्झिस्टर असतो, तो जळला होता. बोईसरला तो मिळाला नाही, मुंबईहून मागवला. किंमत चहाच्या दोन कपांएवढी. सोल्डर करताना माझा हात कापतो, म्हणून शेजारच्या डाय करणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पाच मिनिटांत काम करून वर मलाच विचारलं, "गुरुजी, एवढंच होतं?"

नावाची ओळ आली. पण क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी या शेजारशेजारच्या पाच कळा मुक्या! एक कळ बिघडली तर दोष कळेचा. ओळीने पाच बिघडल्या तर कळांना कशाला धरायचं? त्या पाचांची मिळून एकच वाट आहे, ती कुठेतरी तुटली असली पाहिजे. भिंगाखाली ती सापडली. कळांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर बारीक वाटा छापलेल्या असतात. ती पट्टी वयाने ठिसूळ होऊन टोकाशी तडकली होती. तडकलेलं टोक कात्रीने कापलं, उरलेली पट्टी पुन्हा खाचेत सरकवली, कळा बोलू लागल्या. खाचेतल्या पितळेवर खाऱ्या हवेचा हिरवा थर बसला होता, तो स्पिरिटने पुसला. आमच्याकडे सायकलीची साखळीही या हवेत टिकत नाही, तिथे पितळेची काय कथा.

कॅसेटने मात्र तीन दिवस घेतले. टेपवर शब्द किंवा गाणं नसतं, नुसता कर्कश सूर असतो. संगणक त्या सुराच्या लांबीआखुडीवरून अक्षरं ओळखतो. सूर किंचित बोदा झाला की तो वाचन सोडून देतो. आम्ही हेड पुसलं, आवाज कमीजास्त करून पाहिला, काही उपयोग नाही. शेवटी हेडशेजारचा बारीक स्क्रू कानाने ऐकत फिरवला. तबला लावतात तसं. सूर जिथे सर्वांत धारदार लागला तिथे थांबलो. पडद्याच्या कडेला निळ्यापिवळ्या रेघा धावल्या आणि दादांचा प्रोग्राम उतरला.

चारच ओळींचा होता तो! कोळीवाड्यात सर्वांना ठाऊक असलेला हिशेब : शुद्ध असो वा वद्य, तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसा आणि रात्रीही. ओळ 10 : इनपुट टी, म्हणजे तिथी विचार. ओळ 20 : लेट एच = टी गुणिले 3 भागिले 4. शेवटची ओळ 40 : प्रिंट एच. आणि मधल्या ओळ 30 मध्ये दादांनी एचमध्ये एक लहानसा अपूर्णांक मिळवला होता.

हा अपूर्णांक कुठून आला? पुतण्याला वाटलं, चूक आहे. मला आठवलं की एका मे महिन्यात दादा रोज घड्याळ घेऊन किनाऱ्यावर जात आणि आई त्यावरून रागावे. पाऊणेचा हिशेब सगळ्या किनाऱ्याला सारखा लागू पडत नाही. वरोरच्या पाण्याचा फरक त्यांनी मोजून काढला होता. तो आकडा मी इथे सांगणार नाही. सातपाटीच्या किंवा बोर्डीच्या शाळेला तो उपयोगी पडेलच असं नाही. आपल्या किनाऱ्याचा आपण काढावा. त्याला संगणकही लागत नाही. एक काठी, एक घड्याळ आणि पंधरा दिवस पुरतात.

आम्ही षष्ठीला गेलो. सहाची पाऊणपट साडेचार, त्यात दादांचा आकडा मिळवला. वाळूत काठी रोवली. पाणी काठीपाशी येऊन रेंगाळलं आणि मागे फिरलं, तेव्हा पुतण्याने घड्याळ पाहिलं. फरक दहा मिनिटांचा होता. तो म्हणाला, "काका, उद्या सप्तमीला पुन्हा येऊ."