पार्ले : वस्तीचे गाव कसे झाले



मुंबईच्या उपनगरांचा इतिहास बहुधा रेल्वे स्थानकापासून सांगितला जातो. विलेपार्ल्याच्या बाबतीत तो १ ऑगस्ट १९२० पासून सांगणे अधिक उचित ठरेल. लोकमान्य टिळकांच्या महानिर्वाणाचा तो दिवस. त्यांच्या स्मृतीसाठी पार्लेकरांनी १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू केले आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघाची स्थापना केली.

तत्पूर्वी येथे केवळ माळरान होते, असे मात्र नव्हे. गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. त्यांची बोली ही मराठीचेच एक रूप, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गिरगावच्या चाळींतून मराठी मध्यमवर्ग येथे आला, पश्चिमेस गुजराती समाज स्थिरावला. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि हा ओघ वाढला. आलेली माणसे परस्परांना अपरिचित होती. ती पार्लेकर झाली ती शाळेच्या वर्गात, ग्रंथालयात आणि व्याख्यानांच्या सतरंजीवर. याच विद्यालयाने पु. ल. देशपांडे यांना घडविले.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची छावणी विलेपार्ल्यात पडली. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला तेथे होते. त्याच सुमारास, १९२९ मध्ये, चौहान कुटुंबाने येथे कारखाना काढला आणि या गावाचे नाव बिस्किटाच्या पुड्यावरून घरोघरी गेले. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. गाडीत बसल्या बसल्या पार्ले आल्याची वर्दी देणारा तो खमंग वासही गेला.

कारखाना जातो, बंगले पाडले जातात. विमानतळाच्या सान्निध्यामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत, त्यामुळे अनेक जुन्या घरांचा पुनर्विकास रखडला. जेथे तो झाला तेथे नवी कुटुंबे आली. जुन्या पार्लेकरांची मुले बोरिवलीपलीकडे, कित्येकांची परदेशी गेली. शाळा आणि सेवा संघ या दोन्ही संस्थांनी शताब्दी ओलांडली आहे. परंतु त्या चालविणारे हात प्रत्येक पिढीत नव्याने शोधावे लागतात. नव्या शेजाऱ्याविषयी कुरकुर करणे सोपे. त्याला ग्रंथालयाचा सभासद करून घेणे हे कार्यकर्त्याचे काम. नवी इमारत भरली की पहिल्याच महिन्यात नोंदणीपुस्तक घेऊन तेथे जावे. दार उघडणारा मराठी बोलेल वा गुजराती. आणि त्या फेरीतून गावठाणातील घरे वगळू नयेत.