ओळख हेही भांडवलच

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. माझं ग्रील आणि शटरचं वर्कशॉप आहे. म्हणून पुस्तकातलं कमी आणि अनुभवातलं जास्त सांगणार आहे.

धंदा सुरू केला तेव्हा माझ्याकडे हातातली कला होती, वेल्डिंग मशीन होतं, बँकेचं थोडं कर्ज होतं. नव्हती ती ओळख. ज्यांच्या घरी तीन पिढ्या दुकान आहे, त्यांच्या मुलाला मामा उधारीवर माल देतो, काका गिऱ्हाईक पाठवतो. आपले वडील गिरणीत, नाहीतर नगरपालिकेत. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शिकवलं. पण व्यापाऱ्यांच्या ओळखी ते कुठून आणणार? ही उणीव आपली आपणच भरून काढली पाहिजे.

माझी चूक सांगतो. अनेक वर्षं मी एकाच ठेकेदारावर विसंबून राहिलो. त्याने चार महिने पैसे अडवले. कामगारांचा पगार थकला, घरातले दागिने गहाण पडले. तेव्हा एक हार्डवेअरवाला, ज्याच्याकडे कधीमधी चहाला टेकायचो, तो म्हणाला, "एका शाळेच्या खिडक्यांचं काम निघालंय, जाऊन बघा." त्या एका वाक्यावर वर्कशॉप तगलं.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीतून.

मग ओळख वाढवायची कशी? एक वही करा. माल देणारे, गिऱ्हाईक, जोडधंद्याचे कारागीर आणि बँक-हिशेबाचे जाणकार, अशी चार पानं पाडा. जे पान कोरं दिसेल तिथे माणसं जोडा. दुसरं, आधी द्या. आपल्याला न जमणारं काम आलं तर ज्याला जमतं त्याचं नाव सुचवा. मात्र ज्याचं काम डोळ्यांनी पाहिलंय त्याचंच. नाहीतर आपलाही शब्द वाया जातो. तिसरं, गरज नसतानाही भेटत राहा. फक्त अडचणीत दार वाजवणाऱ्याला लोक टाळतात.

संघटनेचाही उपयोग करा. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन केली ती यासाठीच. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून ४ टक्के खरेदीचं उद्दिष्ट आहे. पण उद्यम नोंदणीच केली नसेल तर त्याचा काय फायदा? २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि थकले तर परिषदेकडे दाद मागता येते. माझे पैसे अडकले तेव्हा मला हे ठाऊकच नव्हतं. सांगणारं कोणी ओळखीचं नव्हतं!

एक कडू गोष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्या माणसाकडे काम देताना आपण दर पाडतो आणि पैसे मात्र सावकाश देतो. "घरचाच आहे, थांबेल." अहो, घरचा आहे म्हणूनच आधी द्या! आणि आपण काम घेतलं असेल तर "आपलेच आहेत, चालवून घेतील" असं म्हणून वायदा चुकवू नका. आपल्या माणसांपासून सुरुवात करा, पण वस्तीच्या वेशीवर थांबू नका. बाजार सगळ्यांचा आहे.

आज इथून जाताना, ज्यांचा धंदा आपल्याला माहीत नाही अशा दोघांशी बोला, त्यांचा फोन नंबर घ्या. वहीचं पहिलं पान इथेच भरेल.