दुकानावरची निळी पाटी

जुन्या किराणा दुकानाच्या दारावर चहाची किंवा साबणाची निळी-पांढरी एनॅमलची पाटी श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कित्येक पावसाळे झेलूनही तिचे अक्षर विटत नाही. कारण तो रंग नव्हेच, ती काच आहे.

पोलादी पत्रा कापून त्याला खिळ्यांची भोके आधीच पाडतात, मग तो तेजाबाने धुतात. काचेचा चुरा चिकणमातीसह पाण्यात दळून त्याचा लेप देतात. पहिल्या लेपात कोबाल्ट असते. त्यायोगे काच लोखंडाला घट्ट धरते. सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही मिनिटांतच लेप वितळून पत्र्याशी एकजीव होतो. मागची बाजूही लिंपावी लागते, नाहीतर पत्रा वाकतो. पुढे प्रत्येक रंगाचा लेप वाळला, की अक्षरे कोरलेला साचा त्यावर ठेवून नको तेवढी भुकटी ब्रशाने झाडायची आणि पाटी पुन्हा भट्टीत घालायची. खरे कसब या झाडण्यात आहे. भाजल्यावर चुकलेली वेलांटी खोडता येत नाही.

फ्लेक्सचा फलक यंत्रातून झटपट छापून निघतो, स्वस्तही पडतो; दुकानदार तोच निवडतो, यात नवल नाही. शिवाय एनॅमलला जपावे लागते. खिळा जोराने ठोकला, की काच तडकते आणि गंज त्या भोकापासूनच पसरू लागतो.