अर्धी राहिलेली आगगाडी

भिवंडीच्या माणसाने आगगाडीविषयी बोलावे, याचे तुम्हांला हसू येईल. आमचे ‘भिवंडी रोड’ स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे खरे. पण तिथे मालगाड्या पुष्कळ, उतारूंच्या गाड्या मोजक्या. बाहेर पडायचे म्हणजे एस. टी. नाहीतर रिक्षा पकडून कल्याण किंवा ठाणे गाठायचे. तेव्हा मीही तुम्हांला कल्याणलाच नेतो. तिथून कर्जतची लोकल धरा आणि नेरळला उतरा.

इथून माथेरानला जाणारी दोन फूट रुळांची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा. काम पाहिले त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. पाऊस हा तिचा जुना वैरी. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग मोडला, तो सुरू व्हायला २००७ उजाडले. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा तेच झाले. वर्षअखेरीस गाडी चालू झाली, पण फक्त वरची, अमन लॉज ते माथेरान. खालचा मोठा तुकडा ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंदच राहिला.

हा वरचा तुकडा तीन किलोमीटरही नाही. मग तोच आधी का? नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत मोटार जाते. पुढे तिला बंदी. म्हाताऱ्या माणसाने तिथून चालावे, की घोड्यावर बसावे? खालच्या तुकड्याला मोटारीची जोड होती, वरच्याला नव्हती. हा हिशेब मला पटतो.

जपानात होक्काइडो बेटावर हिशेब निराळा झाला. तिथल्या सास्शो मार्गाचा साप्पोरो शहराकडचा, नोकरदार नि विद्यार्थ्यांच्या वर्दळीचा भाग राहिला. शेतांमधून शिन-तोत्सुकावा गावी जाणारा भाग मे २०२० मध्ये रीतसर बंद झाला. शेवटची गाडी तर एप्रिलातच धावली. निरोपाला गर्दी होऊन साथ पसरू नये, म्हणून!

उतारू फार थोडे उरले होते, हे खरेच. पण २०१६ पासून त्या शेवटच्या स्थानकाला दिवसातून एकच गाडी जात असे. ती चुकली तर माणसाने काय करायचे? तो दुसरी वाट धरणारच; आणि मग उतारू मोजायला बसले, तर तो हिशेबात कुठून येणार?

आपलेच पाहा ना. गाडीची वेळ कामाच्या वेळेशी जुळत नाही, म्हणून आपण रिक्षात बसतो. भिवंडी रोडच्या तिकीट-खिडकीवर मात्र त्याची नोंद होत नाही.